समितीतली सवाष्ण

पंचफुलाबाईंना देवानं गोड गळा दिला आणि सरकारनं समिती. गळा दर गुरुवारी आरतीला उपयोगी पडायचा. समितीचं तसं नव्हतं.

बेसा भागात वस्ती वाढली, तशा पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही वाढल्या. मग नागरिकांची देखरेख समिती निघाली. ठाण्याचं नाव नको, सगळी ठाणी आपलीच. पाच सभासद, त्यांत एक महिला हवीच. भजनी मंडळातली ही बाई कुणाशी भांडत नाही, असं ऐकून ठाणेदारांनी पंचफुलाबाईंचं नाव सुचवलं. ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्यानंच देखरेख करणारे निवडायचे, याला नियमावलीत 'परस्पर विश्वास' म्हटलं होतं.

समितीला अधिकारही होते. तक्रार ऐकावी, चिंता व्यक्त करावी, शिफारस करावी. शिफारस मानायची की नाही, ते ठाणेदारांनी ठरवावं. वर चहा आणि आलुबोंडा. बाई मनापासून चिंता व्यक्त करून घरी आल्या की त्यांचे यजमान रामाजी विचारायचे, "काय वं, आज कोणाले सोडवून आली?"

मग सरिताचं प्रकरण आलं. ती चौकात तर्री-पोह्याचा ठेला लावायची. देवाजी हवालदारानं हटकलं, तिनं "काहून?" म्हणून विचारलं. त्यानं तिच्या कानाखाली वाजवली आणि ठेला ठाण्यामागच्या आवारात नेऊन उभा केला. सरितानं समितीकडे तक्रार दिली. नियमाप्रमाणे ती तक्रार चौकशीसाठी ठाण्यात गेली. ठाण्यानं चौकशी देवाजीकडे सोपवली. देवाजीनं कुणाचीही भीड न धरता चौकशी केली आणि स्वतःला निर्दोष ठरवलं.

"काकू, मले तुमची चिंता नाही पाहिजे," सरिता पदरानं डोळे पुसत म्हणाली. "मले माझा ठेला पाहिजे. माझ्या घरी चूल थंडी अन् तुमी तिथं बोंडे खाऊन राहिल्या!"

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात रामदासपेठेत जावेकडे महालक्ष्म्या होत्या. पानं वाढलेली, पुरणाला वाफ, पण एक सवाष्ण यायची राहिली म्हणून सगळं घर उपाशी. एरवी त्या बाईला कुणी पाणीही विचारत नसे. आज तिला आणायला गाडी धाडली. पंचफुलाबाई बघतच राहिल्या. महिला सभासदाशिवाय सभा भरत नाही, हे त्या पहिल्या दिवसापासून ऐकत होत्या. त्याचा अर्थ इथं, जावेच्या ओसरीवर कळला.

पुढच्या सभेला मोठे साहेब पाहणीला आले. पंचफुलाबाई घरी जपाला बसल्या. थोड्या वेळानं दारात जीप थांबली आणि देवाजी उतरला.

"काकू, चाला ना. साहेब वाट पाहून राहिले."

"पाहू दे गा. माझी माळ चालू आहे."

"किती वेळ लागंल?"

"सरिताचा ठेला चौकात लागतवरी."

"ते माझ्या अधिकारात नाही ना काकू!"

"मंग उठणं माझ्याही अधिकारात नाही. देवाचं काम आहे."

ओट्यावरून रामाजी म्हणाले, "जाय गा देवाजी, धक्का मार. जीपले नाही, ठेल्याले!"

देवाजी गेला. साहेबांचा दुसरा चहा संपला, तेव्हा ठाण्याच्या फाटकातून ठेला निघाला. चाकं गंजलेली, मागून देवाजी रेटतोय, टोपी काखेत. लेआउटमधली आख्खी वस्ती बघायला बाहेर आली. सरितानं शेगडी पेटवली, तेव्हा कुठे बाईंनी लुगडं बदललं.

सभा झाली. साहेबांनी ठाण्याला 'लोकाभिमुख' म्हटलं. थपडेबद्दल समितीनं चिंता व्यक्त केली. 'चिंते'च्या आधी 'तीव्र' हा शब्द बाईंनी हट्टानं घालून घेतला. देवाजीची बदली झाली, पलीकडच्या चौकात.

पुन्हा अशी अडचण नको, म्हणून ठाणेदारांनी दुसरी महिला सभासद घ्यायचं ठरवलं. ठेला परत मिळालेली बाई उपकारात राहील, असा विचार करून नाव घातलं सरिताचं.

ती ठेला तसाच सोडून बाईंकडे धावत आली. "काकू, सभेले कधी यायचं ते ठाणेदारानं सांगतलं. कधी नाही यायचं, ते तुमी सांगा."