माती मधात आणताना

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लग्न होऊन मी भंडाऱ्याजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत आले. शेजारच्या क्वार्टरमध्ये पुण्याहून बदली होऊन एक इंजिनियर राहायला आले. त्यांच्या बायकोचा पुण्यात मातीच्या भांड्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. मी त्यांना बाई म्हणे. इथेही त्यांनी व्हरांड्यात पायाने फिरवायचं चाक मांडलं. मी दारात उभी राहून बघायची. एके दिवशी त्या म्हणाल्या, "नुसती काय बघतेस? बस."

सासूबाईंना ते पटलं नाही. "घरी भांडे कमी हायेत का? हे कायले शिकून राहिली तू?"

मलाच कुठे ठाऊक होतं!

पहिलं काम, गोळा चाकाच्या मध्यावर आणायचा. मी तो मधोमधच थापला होता. पण चाक फिरलं की गोळा डुलायचा आणि माझे हातही त्याच्यासोबत.

"माती मध्यावर आण," बाई म्हणत.

"बाई, माती तं मधातच हाय!"

"दिसते तशी. आहे कुठे?"

कधी म्हणत, घट्ट धर. लगेच म्हणत, अगं, एवढा जोर नको. दोन्ही एकदम कसं करायचं, ते मला कळेना.

अशाच एका दुपारी गोळा अचानक स्थिर झाला. चाक फिरत होतं, पण तळव्याखालची माती हलत नव्हती. मी घाबरून हातच काढले.

"बाई, मीनं काय केलं?"

"बरोबर केलंस."

"पण केलं काय?"

"थांब, दाखवते." हसतच बाई चाकावर बसल्या. "बघ, हा तळवा इथे... नाही, आधी अंगठा..." आपल्याच हातांकडे बघत त्या सांगत गेल्या आणि त्यांचा गोळा डुलायला लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी हात पुसले. "आज राहू दे."

नंतर बरेच दिवस त्यांच्याकडून चाकाचा आवाज आला नाही. आपल्या विचारण्याने काही बिघडलं की काय, या विचाराने मला घरकामही सुचेना. मग एका सकाळी त्यांनी हाक मारली. फळीवर ओले वाडगे मांडलेले होते.

"बस," त्या म्हणाल्या, "आणि मला काही विचारू नकोस."

मी बसले. त्यांची पुन्हा बदली झाली तोवर मला वाडगे, लोटे, झाकणाची बरणीसुद्धा जमू लागली होती. माती मध्यावर नेमकी कशाने येते, यावर मात्र आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.