काळ्या झेंड्यांचं गोल्फ

आमच्या बोईसरच्या कारखानदारांना एकदा गोल्फचं खूळ लागलं. त्यांच्या संघटनेचं कार्यालय मी सांभाळते, त्यामुळे साहेब लोकांची सगळी खुळं शेवटी माझ्याच गळ्यात पडतात. कारण मात्र चांगलं होतं. कार्यालयाचा ड्रायव्हर, नवापूरच्या कोळ्याच्या घरातला, वापीच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होता. साध्या तापाचा न्यूमोनिया झाला होता. त्याच्या उपचारासाठी गोल्फ खेळायचं ठरलं. सरळ पाकीट उघडा म्हटलं की या लोकांना कामं आठवतात.

चिंचणीला सुरूच्या बागेमागे एका रिसॉर्टचं मैदान मिळालं. गोल्फ मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. भोकं हवीत म्हणाले, म्हणून माळ्याकडून खणून घेतली आणि आत रंगाचे रिकामे डबे पुरले. झेंडे हवेत म्हणाले, तर ड्रायव्हरच्या मेव्हण्याने होडीतले आणून दिले. समुद्रात जाळं कुठं सोडलंय ते कळावं म्हणून काठीला बांधतात तसले, काळे. आदल्या संध्याकाळी ते रोवले आणि वारा सुटला. माळी बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे बरा दिसत नाय, बाय." मी त्याच्यावर खेकसले, कारण मलाही तेच वाटत होतं.

सकाळी गेटवर फ्लेक्स लागलेला होता. आजारी माणसाला मदत करा, असं लिहायला सांगितलं होतं. वर ड्रायव्हरचा हसरा फोटो, फोटोला छापील हार, दोन बाजूंना समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फ्लेक्सवाल्याला मी फोनवर असं झापलं की सांगता सोय नाही. तो शांतपणे म्हणाला, "त्यांच्या बायकोनंच बदलून घेतलं, मॅडम. काल स्वतः आली होती."

ती तिथंच सुरूच्या झाडाखाली उभी होती. डोळ्यांत टिपूस नाही.

"त्यांनी कावळ्यांची जोडी लागलेली बघितली, ताय. ताप आला त्याच्या आदल्या दिवशी."

मला पुढचं सांगावं लागलं नाही. माझ्या आजोळीही हे होतं. कावळे जुगताना दिसले की बघणाऱ्याचं मरण येतं, म्हणून तो मेल्याचा खोटा निरोप आपणच आधी धाडायचा. परक्यांनी तो खरा समजून रडायचं. मरणाला वाटतं, इथलं काम झालं. मग निरोप खोटा होता, असं रडलेल्या प्रत्येकाला कळवायचं.

"सगल्यांना सांगून होय तवर घरच्यांनी रडाचा नाय," ती म्हणाली. "आन् एक पण मानूस सांगाचा रायला, तर ते खरा होते. तुमी तेवढा बघा, ताय."

मी चांगली शिकलेली बाई. फ्लेक्सची दोरी सोडायला हात वर केला आणि तसाच खाली आणला. तेवढ्यात पहिली गाडी आत आली.

सगळ्यांनी टोप्या काढल्या. प्रमुख पाहुणे मुंबईचे, एक म्हातारे निवृत्त कारखानदार. ते तर हुंदके देऊन रडले. आमचाच ड्रायव्हर त्यांना नेहमी स्टेशनवरून आणायचा. सगळे माना खाली घालून उभे होते आणि झेंड्यांच्या फडफडीशिवाय आवाज नव्हता. मला एकदम भीती वाटली, की आपण त्याला वाचवत नाही, पोचवतोय. मग मीही रडले, आणि ते रडणं खरं होतं.

खेळ झाला. डब्यात चेंडू पडला की टण्ण वाजायचं. जेवणाच्या वेळी मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन खरं सांगितलं. कुणी हसलं, कुणी संतापलं, एकांनी मला वेडी म्हटलं. म्हातारे पाहुणे जेवणाआधीच मुंबईला निघाले होते. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "त्यांना मी फोन करतो, तुम्ही जेवून घ्या."

त्याच आठवड्यात ड्रायव्हरच्या घशातली नळी निघाली. पुढे तो कामावर आला, गाडी चालवायला लागला. फक्त हजेरीचं मशीन त्याचा अंगठा काही घेईना. आजारात कातडी झिजली असेल, असं मशीनवाला म्हणाला. ऑफिसात सगळ्यांनी त्याला भूत म्हणून चिडवलं. मला काही हसू आलं नाही.

वर्ष होत आलं तेव्हा त्या म्हाताऱ्या पाहुण्यांचा फोन आला. त्या दिवसानंतर ते इकडे आले नव्हते.

"त्या बिचाऱ्याचं वर्षश्राद्ध जवळ आलं ना? पुन्हा गोल्फ ठेवू या. त्याच्या स्मरणार्थ."

सेक्रेटरीच्या नावाने मनात बोटं मोडली. "साहेब, तो जिवंत आहे," मी म्हणाले. "त्या दिवशीही होता. आत्ता खाली गाडी पुसतोय." म्हणता म्हणता खिडकीतून पाहिलं. गाडी होती, बॉनेटवर ओलं फडकं होतं. तो नव्हता.

फोन तसाच टाकून मी जिने उतरले. तो मागच्या नळावर बादली भरत होता. "काय झाला, मॅडम?" त्याने विचारलं. काही नाही, म्हटलं, आणि भिंतीला टेकून त्याच्या बायकोला फोन लावला. नुसतं हॅलो म्हणाले तर तिचा आवाज एकदम खाली गेला.

"कोन रायला होता, ताय?"

मी सांगितलं. आता त्यांनाही कळवलं, हेही सांगितलं. मग ती रडायला लागली, वर्षभराचं अडवलेलं, मयताच्या घरी रडतात तशी, गळा काढून. मी फोन बंद केला नाही. समोर तिचा नवरा शीळ घालत फडकं पिळत होता.