मोडलेल्या खुर्च्यांची मोजणी

मंगळवार, लग्नाचा दुसरा दिवस. गोदामात हजर: मी, टेम्पोवाला दिगंबर आणि मोजणीला शकुंतलाबाई. गैरहजर: भिकाजी. तो दवाखान्यात आहे, डोक्याला अकरा टाके.

काल मानपानावरून दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या अंगावर धावले. खुर्च्या मांडणारा आमचा भिकाजी सोडवायला मध्ये पडला, तर नवरदेवाच्या मामाने लोखंडी खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घातली. मग मंडपभर खुर्च्या उडाल्या.

आम्ही भाड्याने देतो त्या प्रत्येक खुर्चीखाली एक चिप आहे. यंत्र जवळ नेलं की रेडिओ लहरींवर तिचा नंबर नोंदला जातो. शकुंतलाबाईंनी ते मोडक्या ढिगावरून फिरवलं.

“ताई, सगळ्या हजर!”

“आणि ती रक्ताची?” दिगंबरने विचारलं.

“तीपण. यंत्राला काय, ते पाय मोडलेलीलाही हजरच म्हणतंय.”

वस्तू कुठे आहे ते कळलं की काम संपलं, असं मी वर्षानुवर्षं याद्या करताना मानत आले. कोणत्या खुर्चीने डोकं फोडलं, ते आता नंबरासकट सांगता येईल. ती कोणी उचलली, ते यंत्राला ठाऊक नाही. पाहिलं शंभरांनी, पण ते सगळे नातलग. परक्यांपैकी पाहणारी मी एकटी.

“पुढची दोन लग्नं त्या मामांच्याच घरची आहेत, ताई,” दिगंबर हळूच म्हणाला.

रक्ताची खुर्ची न धुता बाजूला ठेवायला सांगितली. बाकीच्या वेल्डिंगला गेल्या. पोलीस ठाण्यात जाऊन मामांचं नाव सांगायचं अजून राहिलं आहे.