चेल्लीने राखलेलं बीळ

कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैत चेल्लीला देवांची वाण नव्हती. कडुनिंबाखालचे सात दगड म्हणजे तिच्या सात कन्नी, कुमारी देवी, पणजीपासून चालत आलेल्या. ती इरुळर जमातीची. शेतातली बिळं खणून उंदीर धरायचे, खायचे आणि उंदरांनी साठवलेलं भात घरी न्यायचं, हा त्यांचा पिढीजात हक्क. इंग्रजांनी तंजावर खालसा करून वीस वर्षं झाली, तरी तो हक्क कोणी मोडला नव्हता.

मिरासदार सुंदररावांना मात्र पुण्य जोडायची भारी घाई. वस्तीवर येऊन त्यांनी फर्मावलं, "ते दगड फेका, देवळाबाहेर उभं राहून गंडा बांधून घ्या, उंदीर धरणं-खाणं सोडा. मगच देवळाच्या तळ्याचं पाणी भरा."

पाच घरांनी गंडा बांधला. पाण्यापायी माणूस काय करणार हो! चेल्ली म्हणाली, "सामी, सात जणींना कुठल्या तोंडाने घालवून देऊ? आणि तुमचा देव मला आत तरी कुठे घेतोय?"

झालं! तिला तळं बंद. म्हातारी चेल्ली रोज कोसभरावरच्या कालव्यातून घागर आणायची, आणि कालच्या शेजारणी गंडा मिरवत तिची सावली चुकवायच्या. तळपायाची आग मस्तकात जाते बघा.

मग भात पिकलं आणि उंदरांनी उच्छाद मांडला. रावांनी पाचही घरांना बोलावलं. त्यांनी कानांना हात लावले. "शिव शिव! उंदीर? तुम्हीच तर सोडवलेत, सामी!"

रावांनी कपाळावर हात मारला. रोज शेताचा एकेक कोपरा फस्त होत होता. शेवटी स्वारी चेल्लीच्या झोपडीपुढे उभी.

"चेल्ली, बिळं खण गं बाई."

"गंडा?"

"राहू दे तो गंडा."

"तळं?"

"शेतात उंदीर आहेत तोवर भर. शब्द दिला."

आठ दिवसांत चेल्लीने शेत मोकळं केलं. नवव्या दिवशी घागर घेऊन गेली, तर पायरीवर रावांचा कारभारी काठी घेऊन उभा. "उंदीर संपले. आता पाणीही संपलं."

"संपले कुठे?" चेल्ली म्हणाली. "बांधाकडेला एक बीळ ठेवलंय. आत मादी आहे, पोटुशी. सामींना सांग."

कारभारी धावत जाऊन विचारून आला आणि बाजूला झाला.

पुढे चेल्ली जगली तोवर तिने दरवर्षी ते एक बीळ राखलं, आणि तिच्या सात कन्नी रोज देवळाच्या तळ्यातल्या पाण्याने न्हाल्या.