सायकलच्या ट्यूबवरचं सुकाणू

समुद्र एकदाही न पाहता समुद्रावरच्या सगळ्या अडचणी सोसलेला माणूस आख्ख्या गडमुडशिंगीत एकच आहे, आणि तो आमच्या नात्यातला आहे. आमचे मामा, म्हणजे माझ्या आत्याचे मालक. ते कागलच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर काम करतात. कामावरून आल्यावर बाकीची माणसं चहा पितात, कट्ट्यावर बसतात. मामा होडी चालवायचे. गावामागच्या तलावात, शिडाची, एकटेच. होडी त्यांनी घरामागच्या परड्यात स्वतः बनवली होती आणि शीड होतं एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. वारा भरला की भावी सरपंचांचे गाल फुगायचे, वारा पडला की ते एकदम म्हातारे दिसायचे. पुढे ते निवडणुकीत पडले, तेव्हा सगळं गाव हळहळलं. मामा एवढंच म्हणाले, "फ्लेक्स मातर चांगला निघाला."

मामांना होडी चालवता येत नव्हती असं मी म्हणणार नाही. अडचण सुकाणूच्या दांड्याची होती. एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्या हातात दांडा, आणि माणसाला हात दोनच. दांडा जरा सोडला की होडी गर्रकन वाऱ्याकडे तोंड करायची आणि शीड फडफडून मामांच्या कानाखाली वाजवायचं. नाक खाजवायचं झालं तरी मामांना काठाला यावं लागे. आणि त्यांना तर दांडा न धरता होडी सरळ न्यायची होती. कशासाठी, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "हात मोकळा पायजे." त्यापुढे काही सांगत नसत.

खरं कारण आत्याचं होतं. महापुराच्या वर्षी ती माहेरी, नदीकाठच्या आमच्या मूळ गावात अडकली होती. तिला घराच्या पत्र्यावरून होडीत उतरवून घेतलं. सगळी माणसं अनोळखी, रस्ते बंद, मामा इकडे कंपनीत. त्या होडीत ती आपलाच एक हात दुसऱ्या हातात धरून बसली होती. तेव्हापासून तिला साधा ओढासुद्धा ओलांडवत नाही. मामांनी होडी बनवली ती एकदा तरी तिला पाण्यावर नीट न्यायचं म्हणून. पण आत्या म्हणाली, "मी बसतो की. पर माजा हात धरून बसायचं. तुमचं तर दोनी हात गुतल्यालं." मामांनी हे बोलणं मनाला लावून घेतलं नाही. कंपनीत नव्या कामाचं ड्रॉइंग यावं तसं ते त्यांनी हातात घेतलं.

मग दांडा सरळ ठेवण्याचे प्रयोग सुरू झाले. आधी म्हशीच्या दाव्याने तो करकचून बांधला. वारा वाढला तशी होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली आणि मामा चक्कर येऊन उतरले. मग दांड्याला वीट टांगली. ती मामांच्या पायावर पडली. मग त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा शोध लागला आणि घरातलं काहीच सुटलं नाही. फाटक, कपाट, न्हाणीचं दार, सगळ्याला ट्यूबच्या पट्ट्या. उघडलेलं दार माणूस आत शिरायच्या आधीच मिटायचं. धार काढताना म्हशीने शेपूट मारू नये म्हणून तिच्या शेपटालाही ट्यूब बांधली. म्हशीने शेपूट ताणलं आणि सोडलं. मामा दुसऱ्या दिवशी कंपनीत गाल झाकून गेले.

पण अखेर जमलं. शिडाचा दोर एका कप्पीतून आणून त्यांनी दांड्याच्या एका बाजूला बांधला आणि दुसऱ्या बाजूला ट्यूब. "बघ पोरी," मला त्यांनी समजावलं, "वारा वाडला की शीड दांडा हिकडं ओडतंय. वारा मंदावला की ट्यूब तिकडं ओडती. आपल्या घरात न्हाय का, तुजी आत्या आनि माजी आई? दोगींनी दोन बाजूंनी ओडलं म्हनून संसार सरळ चालला. मी मधी हात घातला न्हाय."

आता प्रश्न वजनाचा होता. होडीत दुसरं माणूस बसल्यावर हे टिकेल का, ते बघायचं होतं. मामांनी पोत्यात पेंड भरली, आणि पुढे सवय असावी म्हणून त्याला आत्याची हिरवी साडी गुंडाळली. चौथ्या घरची काकू धावत आली. "अगं, तुजा मालक कुना बाईला घिऊन तळ्यात फिरतोय! हिरवं लुगडं हाय!" आत्या पिठाच्या हातानेच निघाली, मी तिच्या मागे. तलावात मामा दिमाखात चालले होते आणि त्यांचा हात हिरव्या साडीच्या खांद्यावर होता.

"कोन हाय वो ती?" आत्या काठावरून ओरडली.

"तूच हाईस की!" मामा पाण्यातून ओरडले.

आत्याने नीट बघितलं. "येवडी?"

त्यानंतर दोन दिवस मामांना चहात साखर मिळाली नाही. पण आत्याने आणखीही एक गोष्ट बघितली होती. मामांचे दोन्ही हात सुटे होते आणि होडी सरळ चालली होती. तिसऱ्या दिवशी साखर घातलेला चहा पुढे ठेवत ती म्हणाली, "बुद्धपौर्णिमेला विहारातनं आल्यावर बसतो."

पौर्णिमेला निम्मी गल्ली काठावर आली होती. मे महिना, पाणी खाली गेलेलं. आत्या पांढऱ्या साडीत, ओठ घट्ट मिटून, होडीत बसली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शीड भरलं. मामांनी ट्यूब ताणून गाठ मारली, दांडा सोडला आणि रिकामा हात वर करून आम्हा सगळ्यांना दाखवला. मग त्या हाताने आत्याचा हात धरला. होडी सरळ गेली. इतकं सरळ मी आजवर काहीच जाताना पाहिलं नाही. ती तलावाच्या मध्यावर गेली, मध्य ओलांडला, आणि काठावरची माणसं ओरडायला लागली, "मामा, वळवा की आता!"

वळायचं तर ट्यूबची गाठ सोडायला हवी, आणि गाठीला दोन्ही हात लागतात. पोत्याच्या वेळी ते सुटे होते, आता एक आत्याच्या हातात होता. इतके महिने मामांनी फक्त सरळ जाण्याचा विचार केला होता. होडी पलीकडच्या गाळात जाऊन रुतली. शिडावर भावी सरपंच मोठ्या आनंदात हसत राहिले.

मी मामांना फोन लावला. तो आत्याने उचलला.

"आत्या, दोर घेऊन येऊ का? मामांना दे फोन."

"त्यांचा हात मोकळा न्हाय," आत्या म्हणाली. "येतो आमी सावकाश."

काठावर कुणीतरी खीर वाटायला सुरुवात केली. माणसं वाटी संपवून एकेक करून घरी गेली. मी बसून राहिले. इतक्या लांबून दोघांचे चेहरे काही दिसत नव्हते. पांढरी साडी तेवढी दिसत होती, आणि ती अगदी स्वस्थ होती.