तांब्यातला कौल

शाहूपुरीतल्या एका कचेरीत मला वरचेवर जावं लागतं. तिथला कारकून बोटाला थुंकी लावल्याशिवाय कागद उलटत नाही आणि देवाचं नाव घेतल्याशिवाय खोटं बोलत नाही.

महाराजांनी खेड्यांतून शाळा काढल्या, तेव्हा मास्तरांच्या तीन जागांना दहा अर्ज आले. त्यांतले चार या कारकुनाच्या भाऊबंदांचे होते आणि एक माझ्या गडमुडशिंगीच्या चुलतभावाचा. कारकुनानं दहा नावांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या, डोळे मिटले आणि तीन काढल्या. तिन्ही त्याचेच भाऊबंद निघाले!

मी कागदावर मांडून दाखवलं. "दहांतून तिघं निवडायचे प्रकार एकशेवीस. तिघंही तुमचेच, असे त्यांत फक्त चार. म्हणजे तीस खेपांत एकदा."

"मग ती खेप आजच आली की, पावणं!" तो हसला. "येनार, न्हाईतर न्हाई येनार. निम्मं-निम्मं. ह्याला कालेज कशाला पायजे?"

असल्या अकलेवर हा माणूस मास्तर निवडतो.

"उरलेल्या सात चिठ्ठ्या उघडा, बाकीची नावं त्यांत आहेत का बघू," मी म्हणालो.

त्यानं शांतपणे घागरीतलं पाणी तांब्यात ओतलं. शाई पसरली. "कौल झाल्यावर देवाला पुन्यांदा इचारत न्हाईत."

आता तरी माझ्यामागं उभा असलेला चुलतभाऊ भांडेल म्हणून मी वळून पाहिलं. त्यानं तांब्याला हात जोडले होते.

"जाऊ द्या, दादा. देवापुढं गणित चालतंय व्हय?"

कारकुनानं अशी मान डोलावली, जणू मास्तरकीला लायक माणूस त्याला आत्ता सापडला.