गव्हाण फाट्यावरची कुणाचीच नसलेली रिक्षा

या वेळच्या फोटोंत बर्फ नाही, किल्ला नाही, समुद्र तर मुळीच नाही. एक नवा गुडघा आहे. ज्यांना फक्त डोंगर बघायचेत त्यांनी मागच्या पोस्ट वाचाव्यात. मी मात्र या सहलीवर बेहद्द खूश आहे.

सुरुवात फोनने झाली. "माजा गुडघा चालू झाला गो. तू ये, आपन मत टाकून येव," मथुरामावशी म्हणाली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न होऊन पनवेल-उरण रस्त्यावरच्या गव्हाणला गेली ती तिथलीच झाली. आता गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती रोडपालीला मुलाकडे, म्हणजे राजेशकडे, चौथ्या मजल्यावर राहते. गव्हाणला जिल्हा परिषदेची निवडणूक होती. राजेशच्या कंपनीला सुट्टी नव्हती. आणि मावशीची एक अट होती: कुठल्याही उमेदवाराच्या गाडीत बसायचं नाही. ज्याच्या गाडीत बसलो त्यालाच मत द्यायचं, हा तिचा हिशेब. खाल्ल्या मिठाला जागायचं तसं बसल्या गाडीलाही जागायचं. मागच्या निवडणुकीला या अटीपायी दुसरी गाडीच मिळाली नाही, पाय दुखत होते, आणि ती मत न देता घरी बसली. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

माझी ना नव्हतीच. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सांगते: रोडपालीला जायचं तर पनवेल स्टँडपर्यंत जाऊ नका, मुंबईकडे जाणारी एसटी पकडा आणि कळंबोलीला उतरा. तिथून रिक्षा लगेच मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे, वाटेतला चहा आणि वडापाव धरूनही दोनशेच्या आत भागलं. थंडीचे दिवस होते, खिडकी मिळाली होती, शेजारी कुणी घोरत नव्हतं. आणखी काय पाहिजे?

रात्री जेवताना राजेशने विषय काढला. "उद्या जमलं तर ठीक. नाहीतर तिचं नाव मी इकडे रोडपालीला टाकून घेणार. खाली शाळेतच मतदान असतं, लिफ्टने उतरली की झालं." तो काही चुकीचं बोलत नव्हता. मावशी माशाचा काटा काढत होती, ती थांबली. "शेती गेली प्रकल्पात. सातबाऱ्यावरून नाव गेला. घराला कुलूप हाय. यादीतून पन काढलास, तर गावात माजा रायला काय?"   एवढं बोलून तिने मला आणखी एक बोंबील वाढला.

सकाळी आम्ही रिक्षाने पनवेल स्टँडवर आलो आणि उरणची एसटी धरली. थेट गव्हाणपर्यंत रिक्षा केली असती तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती. पण मावशीला एसटीचं प्रेम, आणि मला वाटलं, फाट्यावर रिक्षांना काय तोटा! कंडक्टरने मावशीला पंचाहत्तरीच्या वरचं फुकट तिकीट दिलं. मी तिला चिडवलं, "ही गाडीपण फुकट. आता मत कुणाला देणार?"

"यष्टी कुनाच्या बापाची नाय," ती म्हणाली. "जल्मभर मी तिचा तिकीट काढला, आता ती मना फिरवते."

उमेदवार तीन होते. एक तिच्या नणंदेचा जावई, एक शेजारचा, आणि तिसरा नुसता पैसेवाला. "त्यातला आवडतो कोण तुला?" मी विचारलं. "आवडायला काय लगीन करायचाय?" पुढच्या सीटवरची बाई फसकन हसली आणि वळून म्हणाली, "आमच्याकडं पन तेच हाय. बारशाला येतात, मयताला येतात, कामाला कोन येत नाय." तरी ती बाईसुद्धा मत द्यायलाच निघाली होती, नवी साडी नेसून. अख्ख्या गाडीत उमेदवाराचं कौतुक करणारं कुणी नव्हतं आणि मत चुकवणारंही कुणी नव्हतं.

गव्हाण फाट्यावर उतरलो आणि माझी चूक समोर उभी राहिली. रिक्षा भरपूर होत्या. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या, उमेदवारांनी दिवसभरासाठी ठरवलेल्या. झेंडे काढलेले होते, पण कुठली कुणाची हे फाट्यावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. मावशीचा पुतण्या निलेश धावतच आला. तो शेजारच्या उमेदवाराचा कार्यकर्ता.

"काकी, बस ना गो! पाय दुखतील. कुनी बगत नाय."

"मना दिसतंय ना," मावशी म्हणाली.

एका रिक्षात पांढऱ्या दाढीचे इक्बालभाई बसले होते. पनवेलचे, पूर्वी मस्कतला ड्रायव्हर होते, हे नंतर बोलताना कळलं. मावशी सरळ त्यांच्याकडे गेली. "मीटर टाका. भाडं मी देनार."

ते हात जोडून म्हणाले, "मावशी, माझ्या गाडीचं दिवसाचं भाडं सकाळीच घेतलंय मी. त्याच गाडीचं तुमच्याकडून परत कसं घेऊ? हलाल नाही होणार ते. तुम्ही बसा, असंच सोडतो."

"असंच बसले तर ज्याची गाडी त्यालाच मत द्यावा लागंल."

"मग तर मी नेऊच शकत नाही," ते हळहळून म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. एकाला घ्यायचं नाही, एकीला द्यायचंच आहे, आणि शाळा दीड-दोन किलोमीटर आत. एरवी रिक्षावाल्याशी भांडते मी, पण इथे दोघंही बरोबर असल्यामुळे भांडायचं कुणाशी तेच कळेना.

मावशी चालायला लागली. पहिला टप्पा तिने तोऱ्यात कापला. मग चाल मंदावली, मग माझ्या खांद्यावरचा हात जड होत गेला, आणि एका मोरीच्या कठड्यावर ती बसली ती बसलीच. उन्हं डोक्यावर आलेली. रिक्षा येत-जात होत्या, प्रत्येक थांबून विचारत होती, आणि ती मानेनेच नाही म्हणत होती. मला रडू यायला लागलं. "मावशे, बस एखादीत. आत जाऊन मत कुणालाही दे, कोण बघतंय?" ती रागावली नाही. पाणी प्यायली. "उठता येत नाय गो," एवढंच म्हणाली. मागच्या वेळेसारखंच होणार, हे तिला कळलं होतं आणि मलाही.

तेवढ्यात इक्बालभाईंची रिक्षा रिकामी येऊन थांबली. ते मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणाले, "ज्यांनी गाडी ठरवलीय त्यांच्याशी बोलून आलोय. आता तासभर माझी जेवणाची सुट्टी. एवढा वेळ गाडी माझी, पेट्रोल माझं. बसा मावशी, मीटर टाकतो."

मावशीने आधी मीटर पडल्याचं बघितलं, मग बसली.

शाळेत मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर कुणाकडे तरी द्यावा लागतो. मी दोन्ही मोबाइल इक्बालभाईंकडे दिले. मला दाराशीच थांबवलं, पण आतलं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. पंख्याखाली टेबलं, भिंतीला टेकून तिन्ही उमेदवारांची माणसं याद्या घेऊन बसलेली. अधिकाऱ्यांनी चिठ्ठी बघून नाव पुकारलं, "मथुरा बाळाराम घरत."

मावशी हलली नाही. "जरा मोट्यान बोला, सायेब."

त्यांनी वर बघितलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खरोखरच खणखणीत आवाजात म्हटलं, "मथुरा बाळाराम घरत!" भिंतीकडच्या तिघांनी आपापल्या यादीत खुणा केल्या, एकजण म्हणाला, "आली गो वयनी!" रोडपालीत ती चारशे दोनवाली आजी असते, नाहीतर राजेशची आई. तिचं अख्खं नाव एवढ्या लोकांत शेवटचं कुणी कधी घेतलं असेल? मी दाराशी उभी राहून डोळे पुसले. ती जिल्हा परिषदेचं एक आणि पंचायत समितीचं एक अशी दोन बटणं दाबून, शाईचं बोट ताठ धरून बाहेर आली.

परतीचं भाडंही तिने मीटरप्रमाणेच दिलं. इक्बालभाईंचं जेवण आमच्यापायी राहिलं होतं, म्हणून डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी त्यांना दिली. ती मात्र त्यांनी तक्रार न करता घेतली.

त्या दिवशी आम्ही निलेशकडेच राहिलो. संध्याकाळी अंगणात पोपटी लागली. थंडीत या भागात आलात आणि पोपटी न खाता परत गेलात तर तुमचं तुम्ही बघा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, आणि वरून जाळ. विकतही मिळते, पण अंगणातली ती अंगणातली. दिवसभर एकमेकांविरुद्ध राबलेली पोरं एकाच मडक्याभोवती शेंगा सोलत होती. "काकी, मत कुनाला टाकलास?" निलेशने विचारलंच. "गाडी कुनाची व्हती?" मावशी म्हणाली. "इक्बालभाईची." "मंग त्याला विचार." सगळे हसले. मीही पोट धरून हसले.

घरी येऊन आठवडा झाला. कपड्यांना अजून पोपटीच्या धुराचा वास आहे आणि मी ते मुद्दाम धुतलेले नाहीत. जाताना मला वाटायचं, असल्या यथातथा उमेदवारांसाठी एवढा आटापिटा कशाला? आता वाटतं, तो आटापिटा त्यांच्यासाठी नव्हताच. इथे पुण्यातही मतदानाला माझं नाव असंच पुकारतात. मी आजवर ते कान देऊन ऐकलं नव्हतं, आता ऐकेन.

काल राजेशचा फोन आला. नाव बदलायचा विषय त्याने सोडून दिलाय. सोडावाच लागला म्हणे, कारण मावशीने इक्बालभाईंना रोडपालीला बोलावून, चहा पाजून, पुढच्या निवडणुकीचं भाडं आगाऊ हातावर ठेवलंय. बजावलंय, "उमेदवारांच्या आधी मी सांगितलाय. ध्यानात ठेव." पुढची निवडणूक कधी, कुणाला माहीत नाही. उमेदवार कोण, तेही कुणाला माहीत नाही. रिक्षा ठरली आहे.